गॅन्स, हर्बर्ट
(७ मे १९२७ – २१ एप्रिल २०२५). अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व नगरनियोजनाचे अभ्यासक. जन्म जर्मनीतील कोलोन येथे, ज्यू कुटुंबात. नाझी छळामुळे कुटुंब देशोधडीला लागले आणि १९४० मध्ये अमेरिकेत आले. पुढे गॅन्स कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

बॉस्टनमधील वेस्ट एंड ही इटालियन कामगारांची वस्ती ‘झोपडपट्टी’ ठरवून पाडली जाण्याआधी ते तेथे राहिले. नियोजनकारांना जेथे बकालपणा दिसला, तेथे त्यांना नात्यागोत्याचे घट्ट जाळे आढळले (द अर्बन व्हिलेजर्स, १९६२).

त्यांचे दुसरे गाजलेले संशोधन न्यू जर्सीतील लेव्हिटटाउन या एकसाची घरांच्या नव्या उपनगराचे. १९५८ मध्ये तेथे घर घेऊन ते दोन वर्षे राहिले. उपनगर माणसाला एकाकी आणि साचेबंद बनवते, हा तत्कालीन विचारवंतांचा लाडका समज द लेव्हिटटाउनर्स (१९६७) या ग्रंथाने खोडला. रहिवाशांच्या जीवनात झालेले बदल बहुतांशी त्यांनी स्वतःच इच्छिलेले होते. ते घडवण्यात नकाशापेक्षा वर्ग व वय यांचा वाटा मोठा होता. कंटाळली होती ती मुख्यतः किशोरवयीन मुले. बिल्डरने कृष्णवर्णीयांना घरे नाकारल्याचा व नंतरच्या वांशिक सरमिसळीचा वृत्तान्तही त्यात आहे. घरमालक म्हणून राहणाऱ्या निरीक्षकाची सहानुभूती मात्र अधूनमधून जाणवते.