मुळातील खुंटी आणि सिमेंट भरण्याची रीत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रूट कॅनॉल उपचारानंतर दाताचा वरचा भाग फारसा उरला नसेल, तर त्यावरील टोपीला आधार म्हणून मुळाच्या नलिकेत खुंटी, म्हणजेच पोस्ट, बसवावी लागते. या खुंटीचा इतिहास सामान्यतः तिचा धातू आणि सिमेंटचे प्रकार यांच्या आधारे सांगितला जातो. ते सिमेंट नलिकेच्या तळापर्यंत कसे पोहोचविले गेले, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. वास्तविक खुंटीची पकड बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सोन्याचांदीच्या खुंट्या उष्णतेने मऊ केलेल्या चिकट लेपाने बसविण्याची पद्धत वर्णिली आहे. पुढे लाकडी खुंट्या प्रचारात आल्या. ओलाव्याने लाकूड फुगे व घट्ट बसे. परंतु तोच फुगवटा कित्येकदा मुळाला तडा देई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक फॉस्फेट सिमेंट आले. ते दाताला रासायनिकदृष्ट्या चिकटत नाही. खडबडीत पृष्ठभागांत अडकून पकड देते. साहजिकच मध्ये हवेची पोकळी राहिली की पकड तेवढी उणावते.

केवळ खुंटीला सिमेंट फासून ती आत दाबली, तर अरुंद नलिकेत हवा कोंडते. यावर उपाय ठरली ती आँरी लेंतुलो यांच्या नावाने ओळखली जाणारी तारेची मळसूत्री भिंगरी. ती फिरत असताना सिमेंट तळाकडे ढकलले जाते. बाहेर काढतानाही ती फिरती ठेवावी लागते, अन्यथा पोकळी राहते. जादा सिमेंटला वाट मिळावी म्हणून खुंटीवर उभी खाचही ठेवतात.

१९५५ साली बुओनोकोर यांनी आम्लाने दंतवल्क खरवडण्याची पद्धत मांडली आणि चिकटणाऱ्या रेझिनचे युग सुरू झाले. १९९० नंतर तंतुमय खुंट्या आल्या. येथे जुनी सवय अडचणीची ठरली, कारण भिंगरीमुळे काही रेझिन सिमेंटे वेळेआधीच घट्ट होऊ लागतात. म्हणून बारीक टोकाच्या सिरिंजने तळापासून वर भरत येणे अधिक सोयीचे ठरते. नलिकेत युजेनॉलचा अंश उरला, तर रेझिन नीट घट्ट होत नाही. उत्तम सिमेंटही मग व्यर्थ जाते.

मराठवाड्यात दंतवैद्यकाचे शासकीय महाविद्यालय १९८२ साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे निघाले. कालांतराने परभणीतही दंत महाविद्यालय आले. जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातील खेड्यातून उपचारासाठी परभणीस येणाऱ्या मजुराच्या दृष्टीने खुंटी निसटणे म्हणजे पुन्हा एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. मूळ शाबूत असेल, तर जुने सिमेंट साफ करून खुंटी पुन्हा बसविता येते. तो येईपर्यंत सैल खुंटीच्या कडेने लाळ झिरपून मूळ आतून किडले, किंवा चावताना उभे चिरले, तर बहुधा दात काढावाच लागतो.