हास्केल: एररचा आणि पॅकेजच्या गुंत्याचा इतिहास

हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेची बीजे १९८७ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत रोवली गेली. तिथे समिती नेमण्याचे ठरले आणि १९९० मध्ये भाषेचा पहिला अहवाल आला. भाषा शिकवण्याजोगी असावी, हे समितीचे एक उद्दिष्टच होते. तरीही पुढे कित्येक वर्षे नवशिक्यांची गाडी दोन ठिकाणी हमखास अडत राहिली: एररचा अर्थ लावताना आणि पॅकेज बसवताना.

एररचे मूळ भाषेच्या बलस्थानातच आहे. टाइप लिहून दिला नाही तरी कंपायलर तो स्वतः शोधून काढतो. ही पद्धत रॉजर हिंडली आणि रॉबिन मिल्नर यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र टाइपचा मेळ बसत नाही हे कंपायलरला जिथे कळते, तिथेच चूक असते असे नाही. आकडा आणि मजकूर यांची बेरीज करू पाहणाऱ्याला ‘ही बेरीज होत नाही’ एवढे उत्तर पुरे असते. पण हास्केलमध्ये नुसता १ लिहिला तरी तो ‘नम’ या टाइपक्लासमधल्या, म्हणजे समान क्रिया चालणाऱ्या टाइपांच्या गटातल्या, कोणत्याही टाइपचा असू शकतो. म्हणून जीएचसी हा कंपायलर सांगतो, की मजकुराच्या टाइपसाठी ‘नम’चा इन्स्टन्स नाही, म्हणजे तो टाइप त्या गटात बसत नाही. टाइपक्लास हे प्रकरण पाठ्यपुस्तकात बरेच पुढे येते. ही एरर मात्र पहिल्याच दिवशी दिसते. यात दोष शिकणाऱ्याचा नाही. नेदरलँड्समधील यूट्रेख्ट विद्यापीठाने हे ओळखले आणि तिथे तयार झालेल्या ‘हेलियम’ या कंपायलरमधून टाइपक्लास सुरुवातीला मुद्दाम वगळले. त्यावरील निबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पॅकेजची कहाणी अधिक क्लेशदायक आहे. पॅकेज बांधण्याची सामाईक पद्धत ‘कबाल’ने दिली, तर ‘हॅकेज’ने पॅकेजेसचे सार्वजनिक भांडार उभे केले. लायब्ररी भराभर वाढल्या. पण संगणकावर त्या सगळ्या एकाच सामाईक डेटाबेसमध्ये बसत. एका पॅकेजच्या एका आवृत्तीची एकच बांधणी तिथे राहू शके. नव्या पॅकेजसाठी एखादी लायब्ररी पुन्हा बांधली, की जुनी बांधणी पुसली जाई आणि तिच्यावर विसंबलेली पॅकेजेस मोडत. होम फोल्डरमधला पॅकेजचा डेटाबेस उडवून सगळे नव्याने बसवणे, हाच तेव्हाचा रूढ उपाय. या छळाला ‘कबाल हेल’ असे नावच पडले.

२००९ मधील ‘हास्केल प्लॅटफॉर्म’ने निवडक लायब्ररी एकत्र दिल्या, पण सामाईक डेटाबेस तसाच राहिला. २०१३ मध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा सँडबॉक्स, म्हणजे स्वतःचा स्वतंत्र डेटाबेस, आला. २०१५ मध्ये आलेल्या ‘स्टॅक’ या साधनाने परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचे तयार संच वापरले. मुळावर घाव घातला तो २०१६ मध्ये कबालने स्वीकारलेल्या ‘निक्स’ या पॅकेज मॅनेजरच्या कल्पनेने: प्रत्येक बांधणीला तिच्या सोर्सवरून आणि अवलंबनांवरून स्वतंत्र ओळख मिळते आणि अनेक बांधण्या शेजारी शेजारी नांदतात. योगायोग असा, की निक्सही यूट्रेख्टच्याच संशोधनातून आलेले. २०१९ च्या कबाल ३.० पासून हीच नेहमीची पद्धत झाली.

जीएचसीतल्या एररकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. २०२३ च्या जीएचसी ९.६ पासून संदेशासोबत संकेतांक येतो; इन्स्टन्स न सापडल्याचा ३९९९९. तो शोधला की उदाहरणासह खुलासा मिळतो.

एक अडचण अजून टिकून आहे. ‘बेस’ या पायाभूत लायब्ररीची आवृत्ती कंपायलरशी बांधलेली असल्याने अगदी नव्या जीएचसीवर बरीच पॅकेजेस बसत नाहीत. अशा वेळी जीएचसी बसवून देणाऱ्या ‘जीएचसीअप’ या साधनात शिफारस केलेली थोडी जुनी आवृत्ती घ्यावी.