टपाल, अंचे आणि '२५० ओके'

राज्यांची सीमा नकाशावर एका रेघेने दाखवता येते. टपालाची वाट मात्र त्या रेघेला फारशी जुमानत नाही. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे. पण पत्ता लिहिताना त्यात 'व्हाया निपाणी' असे घालण्याची रीत पडलेली आहे आणि निपाणी आहे कर्नाटकात! गोवा १९८७ साली स्वतंत्र राज्य झाले, तरी त्याचा पिनकोड आजही ४०३ ने, म्हणजे महाराष्ट्राच्याच मालिकेत सुरू होतो. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक भाषांत लिहिलेले पत्ते यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. आकड्यांना मातृभाषा नसते, हे त्यामागचे शहाणपण.

आपल्या भागात टपालालाही दोन नावे आहेत. मराठीतला 'टपाल' हा शब्द कन्नडमध्येही रुळलेला आहे. पण कन्नडचा खास शब्द 'अंचे'. त्याला मोठा इतिहास आहे. म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वडेयर यांनी १६७२ साली 'अंचे' ही टपालव्यवस्था सुरू केली आणि १८८९ साली ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्यात विलीन झाली. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, त्यामुळे म्हैसूरच्या अंचेशी आपला संबंध उशिरा आला. आज दारात येणारा पोस्टमन एकच असतो, त्याला कोणी टपालवाला म्हणते, कोणी अंचेयवरु म्हणते आणि पत्र दोघांनाही मिळते.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे ई-मेल. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या नव्या टपालाची जुनी वही उलगडून पाहावीशी वाटली. त्या वहीत आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या माणसांच्या कामाचे बरेच काही आहे.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीला पत्र पाठवण्याची सोय रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली केली. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह ठेवण्याची कल्पना त्याचीच. पण टपाल म्हटले की नियम हवेत. ते नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल याने लिहून काढले. दोन टपालयंत्रांनी एकमेकांशी कसे बोलावे, याची ती संहिता आहे आणि गंमत अशी की ते बोलणे माणसालाही वाचता येते.

समजा, बेळगावचे यंत्र पुण्याच्या यंत्राला पत्र देत आहे. पुण्याचे यंत्र '२२०' म्हणते, म्हणजे तयार आहे. बेळगावचे म्हणते 'हेलो'. आज्ञा चार अक्षरांची हवी म्हणून इंग्रजी 'हॅलो'तला एक 'एल' येथे गाळलेला आहे. मग 'मेल फ्रॉम', म्हणजे पत्र कोणाचे. उत्तर येते '२५० ओके'. मग 'आरसीपीटी टू', म्हणजे पत्र कोणाला. तो माणूस त्या यंत्रावर असेल तर पुन्हा '२५०'. नसेल तर '५५०', म्हणजे येथे असा कोणी राहत नाही. त्यानंतर 'डेटा' ही आज्ञा, मग मजकूर, शेवटी एका स्वतंत्र ओळीवर फक्त एक पूर्णविराम, आणि 'क्विट' म्हणून निरोप. पोस्टाच्या खिडकीवर चालणारा हा व्यवहार आहे, फक्त खिडकीच्या दोन्ही बाजूंना यंत्रे आहेत. त्याच वर्षीच्या नियमांत आणखी एक अट घातली गेली. टपाल घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी 'पोस्टमास्टर' या नावाचा पत्ता असलाच पाहिजे. तक्रार ऐकून घेणारा कोणी तरी माणूस हवाच, हे संगणकवाल्यांनीही मान्य केले!

हे टपाल आपल्याकडे आले ते मुंबईमार्गे. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीएसटी, ही संस्था डॉ. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याच्या उभारणीत आघाडीवर होती. १९८६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभागही होता. त्या सुरुवातीच्या काळात पत्रे यंत्रात साठवून ठेवत, साध्या टेलिफोनने दुसऱ्या यंत्राला फोन लावत आणि गठ्ठा पुढे देत. हरकारा एका टप्प्यापर्यंत धावे आणि थैली दुसऱ्याच्या खांद्यावर देई, तीच ही रीत. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून आणि मोजक्याच मोठ्या शहरांत. ज्या गावी केंद्र नाही, तेथल्या माणसाला जोडणीसाठी एसटीडीचा फोन लावावा लागे. मीटरकडे एक डोळा ठेवूनच पत्र वाचायचे!

आता यातली खरी मेख पाहू. १९८२ च्या संहितेत एका अक्षराला सात खाचे दिलेले होते. सात खाच्यांत १२८ चिन्हे बसतात. इंग्रजीची लहानमोठी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे एवढ्यात जागा संपली. देवनागरीला, कन्नडला, अरबीला, एवढेच काय फ्रेंचच्या मात्राचिन्हांनाही या टपालात प्रवेश नव्हता. म्हणून परदेशी गेलेली आपली मुले आईला रोमन अक्षरांत मराठी लिहीत. त्यात 'काल', 'कळ' आणि 'कल' ही तिन्ही एकाच वेशात येत. 'ळ' हे अक्षर मराठीचे आणि कन्नडचेही लाडके. रोमन लिपीत त्याला घरच नाही.

या प्रश्नावर आपल्या देशात काम झाले, आणि तेही पुण्यात. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये कानपूर आयआयटीतून आलेले 'जिस्ट' तंत्र वाढले, आणि १९९१ साली 'इस्की' ही भारतीय लिप्यांची संकेतपद्धती राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिची रचना सीमाभागातल्या माणसाने कौतुकाने पाहावी अशी आहे. तिच्यात देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच क्रमांक होता. मजकूर तोच ठेवून लिपी बदला म्हटले की मराठी वाक्य कन्नड अक्षरांत उभे राही. पण इस्कीची अक्षरे आठव्या खाच्यात होती, आणि सातच खाचे ओळखणारी टपालयंत्रे तो आठवा खाचा कापून टाकत. पत्र पोहोचे, मजकूर मात्र भलताच.

यावर दोन बाजूंनी इलाज झाला. १९९२ साली 'माइम' नावाची पद्धत आली. कोणत्याही लिपीचा मजकूर सात खाच्यांच्या साध्या अक्षरांत गुंडाळायचा आणि पोहोचल्यावर उलगडायचा, असे तिचे काम. दुसरीकडे १९९१ पासून युनिकोडने जगातील लिप्यांना स्वतंत्र घरे दिली. तेथे देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांच्यात ८९६ क्रमांकांचे अंतर आहे. मध्ये बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया, तमिळ आणि तेलुगू यांची घरे आहेत. मात्र घरातल्या खोल्यांचा क्रम इस्कीचाच राहिला. वेगळी घरे आणि सारखी मांडणी, हे आपल्या दोन भाषांचे वर्णन म्हणूनही खोटे नाही.

एकाचे पत्र अनेकांना पाठवायचे तर यादी लागते. ही यादी सांभाळणे आरंभी माणसाचे काम होते. नाव घाला, नाव काढा, पत्ता बदला अशा विनंत्यांनी तो कारकून बेजार होई. १९८६ साली पॅरिसमध्ये एरिक तोमास या विद्यार्थ्याने 'लिस्टसर्व्ह' या प्रणालीला स्वयंचलित रूप दिले. यंत्राला पत्रातूनच हुकूम करायचा. 'सबस्क्राइब' लिहिले की नाव चढते, 'साइनऑफ' लिहिले की उतरते. १९९२ साली 'मेजरडोमो' आले. या शब्दाचा अर्थ वाड्यावरचा कारभारी. त्याला 'हू' असे विचारले की तो यादीतली सारी नावे सांगे. १९८२ च्या संहितेतही 'एक्स्पन' अशी आज्ञा होती. ती दिली की यंत्र यादीतले सगळे पत्ते मोकळेपणाने सांगून टाकी. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या गावात हे चालून गेले. पुढे जाहिरातवाले आणि भामटे आले, तेव्हा बहुतेक ठिकाणी ही आज्ञा बंद करावी लागली. ज्याच्या हाती यादी, त्याच्या हाती माणसे, हे इतिहासात नवे नाही. म्हणून यादीत नाव कोणी घातले याइतकेच ते आपल्याला काढता येते का, हेही महत्त्वाचे असते. १९९८ साली त्यासाठी पत्राच्या मथळ्यात खास ओळ ठरवली गेली, आणि २०२४ साली गूगल आणि याहू यांनी घाऊक जाहिराती पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली. 'साइनऑफ' या एका शब्दाचा हक्क असा अडतीस वर्षांनी नियमात पक्का झाला.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची अशीच एक यादी आहे. पुण्यात नोकरीला असलेला एक जुना विद्यार्थी ती सांभाळतो. सुटीत आला असता त्याने मला पडद्यावर आज्ञा टंकून दाखवल्या. "सर, दोनशे पन्नास आले की समजायचं, पोचलं," तो म्हणाला. यादीत पुण्या-मुंबईची मुले आहेत, बंगळूरची आहेत, आखातातलीही आहेत. त्यांची नावे मात्र सारी रोमन अक्षरांत. कोणाच्या आडनावातला 'ळ' गेला आहे, कोणाचा 'ण' गेला आहे. मी त्याला विचारले, "पत्र मराठीत जातं, मग पत्ता का नाही जात?"

तो प्रश्न जगातही विचारला गेला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये टपालाच्या संहितेला नवी जोड मिळाली आणि '@' च्या अलीकडचे नावही कोणत्याही लिपीत लिहिता येईल असे ठरले. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत '.भारत' हे क्षेत्रनाम खुले झाले, पुढे कन्नड लिपीतही आले. म्हणजे आज संपूर्ण मराठी पत्ता नियमात बसतो. पण यात एक अट आहे. पाठवणाऱ्या यंत्राने आधी विचारायचे, 'तुला हे चालते का?' वाटेतल्या प्रत्येक यंत्राने 'हो' म्हटले तरच पत्र पुढे जाते. एक जरी ठाणे 'नाही' म्हणाले तर ते मागे फिरते. म्हणूनच बँकेच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात असा पत्ता लिहिला, तर पुष्कळदा तो चुकीचा ठरवला जातो. पत्ता बरोबर असतो, अर्ज घेणाऱ्याला तो वाचता येत नाही.

वाचकहो, हा अनुभव आपल्याला ओळखीचा नाही काय? आपल्या राज्यघटनेचे ३५० वे कलम म्हणते की संघराज्यात किंवा त्या त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत प्रत्येक व्यक्तीला गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे. हक्क कागदावर आहे. तो खरा होतो तो खिडकीपलीकडच्या माणसाने अर्ज वाचून घेतला तर. हे मी केवळ मराठीसाठी म्हणत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या सीमेवर राहणाऱ्या कन्नड माणसाची खिडकी तीच आहे.

टपालाच्या या पन्नासेक वर्षांत एक गोष्ट दिसते. सात खाच्यांत न मावणाऱ्या भाषांनी टपाल मोडले नाही, की आपली लिपीही सोडली नाही. आधी गुंडाळून, मग संकेत ठरवून, मग नियम बदलून त्या आत आल्या. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला कोणी तरी 'चालते' म्हणावे लागले. यंदा आमच्या यादीतील मुलांची नावे आम्ही हजेरीपटावर पाहून देवनागरीत लिहून घेत आहोत. पत्ते अजून रोमनच आहेत. पण ज्या घरी कन्नड बोलतात त्या मुलांची नावे कन्नड लिपीतही लिहावीत, असे मी सांभाळणाऱ्याला सुचवले आहे, आणि त्याने ते मान्य केले आहे.