ग्रंथशोध आणि दोन कर्जत

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो वाचकास सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी वाचकाचा वेळ वाचविण्याचे चौथे सूत्र याच भेदातून उद्भवले आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली; परंतु छापील सूची असो वा पत्रकांची पेटी, वाचकास तिच्यापाशी जावेच लागे. १९९६ साली 'पाम'चा हातात मावणारा संगणक आला, पुढे मोबाईल आला, आणि सूची वाचकासोबत कपाटापर्यंत जाऊ शकली.

तथापि हे साधन नोंदीपलीकडे पाहू शकत नाही. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत : एक रायगड जिल्ह्यात, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यात. भीमाकाठचे सिद्धटेक या दुसऱ्या कर्जतात येते. नुसते 'कर्जत' शोधणाऱ्या अभ्यासकापुढे दोहोंची सरमिसळ होईल. जिल्ह्याचे नाव जोडावे, तर २०२४ पूर्वीच्या ग्रंथांवर 'अहमदनगर' आहे. रायगडही १९८१ पर्यंत 'कुलाबा' होता. जुनी व नवी नावे परस्परांशी जोडणारी 'पाहा' ही नोंद सूचिकारानेच करावयाची असते. ती नसेल, तर अभ्यासकाच्या हातातील संगणक 'ग्रंथ नाही' असे सांगेल, आणि ग्रंथ मात्र समोरच्या कपाटातच असेल.