माशी की दुर्बीण?

बरखेडा म्हटले की आज भोपाळची भेल वसाहत डोळ्यांपुढे येते. १९५६ साली स्थापन झालेल्या अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्याभोवती ती वसली आणि नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. त्यापूर्वी मात्र विंध्यापासून नर्मदेपलीकडे सातपुड्यापर्यंतचा हा मुलूख वाघांच्या शिकारीसाठी ख्यात होता.

या रानांचे वर्णन करणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा केवळ हौशी शिकारी नव्हे, तर बंदुकीच्या शास्त्राचा अभ्यासक होता. पचमढीस १८६२ मध्ये त्याने ‘बायसन लॉज’ बांधले. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी शक्य तितकी सरळ जावी, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकू नये, यावर त्याचा कटाक्ष होता. हा विचार दुर्बिणीचा नव्हे. तो नळीच्या टोकावरील माशी आणि मागील खाच यांच्या साहाय्याने नेम धरणाऱ्याचा आहे.

पुढे बंदुकीवर दुर्बीण आली. संधिप्रकाशात मचाणावरून पाहताना तिचा लाभ निर्विवाद होता. काळोखात न दिसणारी माशी शोधण्याची यातायात टळे. परंतु मचाणावरील वाघ बहुधा वीस-तीस पावलांवर येई, आणि तेवढ्यासाठी दूरदर्शकाची गरज ती काय? शिवाय जुन्या दुर्बिणींत दमट हवेने धुके साचे, धक्क्याने त्यांचा नेम ढळे आणि जड काडतुसाच्या झटक्याने कड भुवईवर आदळे.

खरी परीक्षा पहिल्या गोळीनंतर होई. जायबंदी वाघ गवतात शिरला की त्याचा माग काढणे हे शिकाऱ्याचे कर्तव्य मानले जाई. तो चालून आला तर अवधी क्षणांचा. अशा वेळी दुर्बिणीच्या अरुंद वर्तुळात केवळ पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा तुकडा दिसावा, हे प्राणावर बेतणारे. प्राण तरी एकट्या शिकाऱ्याचे कोठे? बरोबर हाकेकरी असत. शिकारकथांत बंदुकीचे घराणे आवर्जून सांगितले जाते. त्या माणसांची नावे क्वचितच आढळतात.

जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ मध्ये .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली. तीवर साधी माशीच होती. रुद्रप्रयागचा बिबट्या मे १९२६ मध्ये त्याने रात्री टिपला, तोही विजेच्या दिव्याच्या उजेडात. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीत नायट्रोजन भरलेल्या, धुके न धरणाऱ्या दुर्बिणी आल्या. कमी वर्धनाच्या आणि झटकन काढता येणाऱ्या दुर्बिणींनी जुन्या आक्षेपांची धारही बोथट केली. तरीही दाट झुडपात माशीचाच पक्ष बळकट वाटतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या देशात हा वाद निरर्थक ठरला. भोपाळनजीकचे रातापाणी अभयारण्य डिसेंबर २०२४ मध्ये व्याघ्रप्रकल्प घोषित झाले. तेथील वाघ आता झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांत टिपले जातात आणि अंगावरील पट्ट्यांवरून एकेकटे ओळखले जातात.