शीतशुष्कन आणि निर्वात पंप : पाण्याच्या वाफेपासून बचावाचा इतिहास

प्रस्तावना

पदार्थ गोठवून त्यातील बर्फाचे, पाणी न होऊ देता, थेट वाफेत रूपांतर करणे म्हणजे शीतशुष्कन होय. त्यासाठी वाफेचा दाब ६.१ मिलिबारपेक्षा कमी राखावा लागतो. साहजिकच या तंत्राचा इतिहास प्रभावी निर्वात पंपांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः केवळ पंपाच्या सामर्थ्यावर हे तंत्र उभे राहिले नाही. ०.१ मिलिबार दाबाला एक ग्रॅम बर्फापासून सुमारे १२ हजार लिटर वाफ होते. ती सारी ओढणे लहान पंपास झेपत नाही. म्हणून वाफ पंपापर्यंत पोहोचू न देणे, हाच या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरतो.

आम्लाकडून शीत संघनकाकडे

१८१० च्या सुमारास एडिंबरोच्या जॉन लेस्ली यांनी वायुपंपाच्या काचपात्रात पाण्याशेजारी गंधकाम्ल ठेवून पाणी गोठवून दाखविले. हवा पंपाने काढली. वाफ मात्र आम्लाने शोषली. १९०९ मध्ये अमेरिकेतील शॅकेल यांनी जैविक पदार्थ आधी गोठवून वाळविले, तेव्हाही वाफ शोषण्याचे काम गंधकाम्लाकडेच होते. १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील फ्लॉसडॉर्फ व मड यांनी घन कार्बन डायऑक्साइडने थंड केलेला संघनक वापरला. वाफ त्यावर बर्फ होऊन साचू लागली आणि पंपाकडे उरलेली हवा काढण्याचे काम राहिले.

गेडे यांचा उपाय

तरीही थोडी वाफ पंपात शिरतेच. तेलबंद फिरत्या पंपात ती दाबली जाताना झडप उघडण्यापूर्वीच तिचे पाणी होते. हे पाणी तेलात मिसळून वंगण बिघडवते, गंज चढवते आणि निर्वाताची पातळी घसरवते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यांनी १९३५ मध्ये यावर ‘गॅस बॅलास्ट’ची युक्ती शोधली. दाबकक्षात मोजकी हवा सोडली की वाफ संपृक्त होण्याआधीच झडप उघडते व वाफ हवेबरोबर बाहेर पडते. त्याबदल्यात अंतिम निर्वात किंचित कमी प्रतीचा मिळतो.

मानवी जीविताशी संबंध

दुसऱ्या महायुद्धात वाळविलेला रक्तद्रव निर्जंतुक पाण्यात विरघळवून जखमी सैनिकांना दिला गेला. पुढे १९५० च्या दशकात लंडनच्या लिस्टर संस्थेत लेस्ली कोलियर यांनी देवीची उष्णतारोधक शुष्क लस मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत विकसित केली. द्रवरूप लस उन्हाळ्यात लवकर निकामी होई. शुष्क लस ३७ अंश सेल्सिअसला महिनाभर टिकत असे. भारतातील देवीचे निर्मूलन (अखेरचा रुग्ण, १९७५) शीतपेट्यांचा अभाव असलेल्या खेड्यांतही साध्य झाले, त्यामागे लसीचा हा टिकाऊपणा होता.

समारोप

या इतिहासातून प्रयोगशाळांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. यंत्रखरेदीत पंपाचा वेग व अंतिम निर्वात यांचे आकडे प्रथम पाहिले जातात. परंतु आधी संघनकाचे तापमान व बर्फधारणक्षमता पाहावयास हवी. उणे ५० अंशांस बर्फाचा बाष्पदाब सुमारे ०.०४ मिलिबार असतो. संघनक एवढाच थंड असेल, तर कितीही भारी पंप वाफेचा दाब याखाली टिकवू शकत नाही. संघनक थंड झाल्यावरच निर्वात सुरू करणे, तत्पूर्वी पंप पुरेसा तापविणे, गॅस बॅलास्ट वापरणे आणि गढूळ तेल वेळीच बदलणे, हे नियम त्यातूनच येतात. आज तेलविरहित पंप उपलब्ध असले, तरी संघनकाची गरज संपलेली नाही. लेस्ली यांच्या गंधकाम्लाने केलेले काम आजही कोणाला तरी करावेच लागते.