सुभेदार रामजी सकपाळ

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहिणाऱ्या ग्रंथकारांचा एक ठराविक प्रघात आहे. चरित्रनायकाच्या वडिलांस पहिलें प्रकरण द्यावयाचें, त्यांत कुळ, गांव व जन्मतिथि उरकावयाची, आणि दुसऱ्या प्रकरणापासून वडिलांस निरोप द्यावयाचा. बहुतेक वडिलांच्या बाबतींत यांत फारसा अन्याय होत नसेल. परंतु डॉ. भीमराव आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या बाबतींत तो खचित होतो. भाविक, कुटुंबवत्सल व निवृत्त लष्करी अंमलदार एवढ्या तीन विशेषणांवर त्यांची बोळवण होते. हीं विशेषणें खोटीं नाहींत. पण एका माणसाच्या ठायीं तीं तीन्ही कशीं नांदलीं व त्यांतून काय निपजलें, हा खरा इतिहासाचा विषय आहे.

सकपाळांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हेहि लष्करांतच होते. आणि रामजींच्या पत्नी भीमाबाई या ज्या मुरबाडकर घराण्यांतल्या, तें घराणेंहि शिपाईबाण्याचें होतें. गांवांत महाराच्या वांट्यास वेठ व पाटीलकुळकर्ण्यांचा निरोप्येपणा येई. पलटणींत मात्र त्यास हुद्दा मिळे, पेन्शन मिळे, आणि मुख्य म्हणजे अक्षरओळख होई. कंपनीच्या फौजेंत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकविण्याची सोय असे. जें दार पुण्याच्या पाठशाळांनीं या समाजास कधीं किलकिलेंहि केलें नाहीं, तें छावणीनें उघडलें, हें पुणेकरांनीं विसरूं नये. रामजींनीं याच पुण्यांत लष्करी नॉर्मल स्कूलचा अभ्यास पुरा करून शिक्षकाची सनद मिळविली. सुभेदारीचा हुद्दा मिळविलेल्या या गृहस्थानें पुढें चौदा वर्षें लष्करी शाळेचें मुख्याध्यापकपण केलें. महू येथें 14 एप्रिल 1891 रोजीं भीमरावांचा जन्म झाला, तो या शिक्षकाच्या घरीं.

परंतु ज्या शिडीनें हें कुटुंब वर चढलें, तीच सरकारनें त्या सुमारास काढून घेतली. लढाऊ जातींचें एक नवें शास्त्र लष्करी अधिकाऱ्यांच्या डोक्यांत शिरलें होतें, आणि 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या पूर्वजांचीं नांवें पुण्यापासून थोड्याच मैलांवर, कोरेगांवच्या 1 जानेवारी 1818 च्या लढाईच्या स्तंभावर खुद्द इंग्रजांनीं कोरविलीं, तेच आतां लढण्यास अपात्र ठरले. रामजी स्वस्थ बसले नाहींत. न्यायमूर्ति रानडे यांचें साहाय्य घेऊन त्यांनीं सरकारकडे याविरुद्ध दाद मागितली. दाद लागली नाहीं. पुढें 1917 मध्यें महायुद्धाच्या निकडीनें एक महार पलटण उभी राहिली, तीहि 1921 मध्यें मोडली; आणि महार रेजिमेंट 1941 मध्यें उभी राहिली तेव्हां रामजींस जाऊन अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं.

निवृत्तीनंतर रामजी कोंकणांत दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. चौदा अपत्यांपैकीं मोजकींच जगलीं, आणि साताऱ्यास भीमाबाईहि निवर्तल्या. मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनीं केला. पुढें रामजींनीं दुसरा विवाह केला; तो धाकट्या मुलास रुचला नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. नोकरीनिमित्त ते खटाव तालुक्यांत दुष्काळी कामावर खजिनदार असतां 1901 मध्यें मुलें त्यांच्या भेटीस निघालीं. त्यांचें पत्र वडिलांस पोंचलें नव्हतें, म्हणून मसूर स्टेशनावर घ्यावयास कोणी नव्हतें. जात कळतांच स्टेशनमास्तर दूर सरला, दुप्पट भाडें देऊनहि गाडीवान गाडी हांकीना, आणि वाटेंत रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाहीं. ही हकीकत आंबेडकरांनीं स्वतःच लिहून ठेविली आहे. छावणीच्या हद्दींत ज्याला पलटणीचे शिपाई सलाम करीत, त्याच्या लेंकरांना त्या फलाटावर सुभेदारीचा कांडीमात्र उपयोग झाला नाहीं.

अशा माणसाचा देवधर्म कसा असावा? रामजी कबीरपंथी होते. मद्यमांस त्यांना वर्ज्य होतें, सकाळ-संध्याकाळ घरांत भजन होई, आणि मुलांनीं रामायण-महाभारत वाचलेंच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. ज्या ग्रंथांत आपल्या लोकांस तुच्छ लेखिलें आहे ते आपण कां वाचावेत, असा प्रश्न भीमरावांनीं त्यांना केला. त्यावर रामजींनीं दिलेलें उत्तर मुलाने जन्मभर लक्षांत ठेविलें. आपण अस्पृश्य, तेव्हां आपल्या मनांत न्यूनगंड शिरण्याचें भय मोठें. द्रोण आणि कर्ण कोठून कोठें चढले तें पाहा, वाल्मीकि तर कोळी होता, असा त्या उत्तराचा आशय. ही भाविकता परलोकासाठीं नव्हती. मुलाची मान ताठ राहावी यासाठीं होती.

मुंबईस परळच्या डबक चाळींतील एका खोलींत, जात्याच्या व बांधलेल्या शेळीच्या शेजारीं, ही शिकवण कृतींत उतरली. मुलास लवकर निजवून रामजी स्वतः रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासास उठवून आपण पाठ टेकीत. पुस्तकांस पैसे नसत तेव्हां विवाहित मुलींकडे जाऊन त्यांचे दागिने मागत व गहाण टाकीत. तर्खडकरांचीं भाषांतराचीं पुस्तकें त्यांनींच मुलाकडून घोटून घेतलीं.

12 डिसेंबर 1912 रोजीं भीमरावांचा मुलगा यशवंत जन्मला. या नातवाचें कौतुक आजोबांस पुरते दोन महिनेहि लाभलें नाहीं. वडिलांच्या मनाविरुद्ध बडोद्यास नोकरीवर गेलेले भीमराव आजाराची तार येतांच निघाले. वाटेंत सुरतेस वडिलांसाठीं मिठाई घ्यावयास उतरले आणि गाडी चुकली. 2 फेब्रुवारी 1913 रोजीं मुलाच्या पाठीवरून हात फिरवून रामजींनीं प्राण सोडला. त्याच वर्षीं भीमराव अमेरिकेस गेले.

भजनी पित्याच्या मुलानें 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास हिंदुधर्म सोडला, म्हणून त्यानें पित्याचा वारसा टाकला असें कोणी म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. बुद्ध, कबीर व फुले या ज्या तिघांस आंबेडकरांनीं गुरु मानलें, त्यांतले कबीर त्यांना वडिलांच्या भजनांतून भेटले होते, आणि फुल्यांविषयींचा आदरहि त्याच घरांतला होता. मुलानें ग्रंथ सोडले. ज्या हेतूनें ते वाचावयास लावले होते तो हेतु सोडला नाहीं. रुपयाच्या प्रश्नावरील आपला 1923 चा विद्वत्तापूर्ण ग्रंथ त्यांनीं आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. अर्थशास्त्राच्या त्या रुक्ष ग्रंथाच्या आरंभीं भीमाबाई व रामजी यांचें स्मरण आहे. चरित्रकारांनीं ज्यांना पहिल्या प्रकरणांत निरोप दिला, त्यांना मुलानें आपल्या ग्रंथाच्या अग्रभागीं बसविलें.